कानाने सुरू, डोळ्याने बंद

मैदानावर त्यांना कारलेकाका म्हणत. खरं आडनाव विजेच्या बिलावर सोडलं तर कुठेच वापरात राहिलं नव्हतं. हे नाव मुलांनी दिलेलं, आणि दिलं तेव्हा त्यामागची म्हणही पाठोपाठ आलेली: कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. काकांच्या कानावर ती आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. तळून बघा एकदा." त्यानंतर कुणी त्यांच्यासमोर म्हण म्हटली नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

काकांचं काम तसं कुणाच्या डोळ्यांत भरणारं नव्हतं. शनिवारी सकाळी बेसबॉलच्या मैदानावर कॅचर मुलामुलींची चाचणी असे. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून पिचरचा, म्हणजे समोरून चेंडू टाकणाऱ्याचा, चेंडू झेलणारा. पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, थांबलेला खेळाडू डोळा चुकवून दुसऱ्या बेसकडे पळाला, की त्याला पकडून देणं कॅचरच्या हातात. चेंडू झेलायचा, झेलता झेलता उठायचं, आणि पिचरच्या डोक्यावरून थेट दुसऱ्या बेसवर फेकायचा. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आपटला तिथून तो दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पडला तिथपर्यंत किती वेळ गेला, हे काका गळ्यातल्या स्टॉपवॉचवर मोजत. दोन सेकंदांच्या आत आला तो कॅचर. बाहेर राहिला त्याने आणखी मेहनत करावी, नाहीतर दुसरा खेळ शोधावा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बटण दाबायचं आणि पुन्हा दाबायचं. शेंबडं पोरही करील. पण मेख अशी, की मोजणारा उभा असतो कॅचरच्या मागे, तारेच्या जाळीपलीकडे. बाजूला उभं राहावं तर दोन्हीकडे मान वळवता वळवता वेळ निघून जातो. मागे उभं राहावं तर समोर कॅचरची पाठ, आणि पाठीआड चेंडू ग्लोव्हमध्ये केव्हा शिरला ते दिसत नाही. दिसत नाही, पण ऐकू येतं: फट्ट. त्या आवाजावर बटण दाबायचं. आणि दुसरा बेस पडला लांब, तिथला आवाज कानाशी पोचेपर्यंत उशीर होतो, म्हणून तिथे मात्र डोळ्यावर भरवसा ठेवायचा. कानाने सुरू, डोळ्याने बंद. हा काकांचा मंत्र. मदतीला म्हणून जो कुणी नवा यायचा त्याला ते हा मंत्र पहिल्या दिवशी सांगत, आणि दुसऱ्या शनिवारी तो तरणाबांड माणूस बोलणी खाऊन पळून गेलेला असे.

वेळेच्या बाबतीत काका सख्ख्या भावाचे नव्हते. एका मुलाचे वडील एकदा गोडीगुलाबीने म्हणाले, "काका, फरक तो केवढा, पापणी लवण्याइतका. इकडचं तिकडे केलंत तर कुणाचं काय बिघडतंय?"

"पळणाऱ्याला सांगा ना," काका म्हणाले, "पापणी लवेपर्यंत थांब म्हणून."

सध्या मैदान सांभाळणारी कोचताई, तीही लहानपणी याच जाळीपुढे बसलेली. तिला काकांनी सांगितलं होतं, "हात चांगलाय तुझा, पाय झोपलेत. उठव त्यांना." पोरगी रडत घरी गेली आणि पुढच्या मोसमात पाय जागे करून आली. पुढे ती बरीच वर्षं मोठ्या संघात खेळली. काकांचा कडवटपणा कुणाच्या उपयोगी पडला नाही असं म्हणणाऱ्याने तिला विचारावं.

पण औषध कितीही गुणकारी असलं तरी वैद्याच्या मांडीला मांडी लावून कोण बसतं? चाचणी संपली की सगळे मैदानाच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर जमत. मुलं, आईवडील, कोचताई, दुसऱ्या बेसवर उभा राहणारा माळी. काका आपली घडीची खुर्ची मिटत. ती खुर्ची मिटायला एक झटका पुरे, पण काका सावकाश मिटत. आधी एक पाय, मग दुसरा, मग बसायचं कापड झटकायचं, मग पट्टा लावायचा. एवढ्या वेळात कुणी हाक मारील, या चहाला, असं त्यांना वाटे. वाटे म्हणजे काय, त्यासाठीच तर ते सावकाश मिटत. पण हाक येत नसे, आणि मागून कुणी मारली नाही ना म्हणून पाहायचं तर वळावं लागलं असतं. ते न वळता घरी जात.

घर म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. ती होती तोवर बोलायचं काम तिच्याकडे होतं. तिच्यामागे ते पद रिकामंच राहिलं. लेक दूरच्या शहरात नोकरीला. सगळा जन्म काकांनी पत्र्याची पिंपं बनवणाऱ्या कारखान्यात काढला. दिवसभर पत्र्यावर लोखंडी ठोकळे आदळायचे. नवीन कामगार कानात कापसाचे बोळे घालत, आणि काका त्यांना हसत. "काय रे, कान टोचून घ्यायचेत का?" असं विचारत. त्या हसण्याची किंमत पुढे वळती व्हायची होती, पण तेव्हा कोण असा विचार करतो. तरुणपणी ते स्वतः कॅचर होते. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासूनची वाकडी. बटणावर मात्र ती अशी चपखल बसत, की जणू त्यासाठीच वाकवून घेतली होती.

आठवड्याचे सहा दिवस काकांच्या तोंडून फारसे शब्द बाहेर पडत नसत. दूधवाल्याला "अर्धा", शिंप्याला "काय, बरंय?", झालं. शनिवारची मात्र ते शुक्रवार दुपारपासून वाट बघत. माणूस कडू असला म्हणून त्याला माणसं नको असतात, असं थोडंच आहे.

आणि मग मागच्या दोन मोसमांत काहीतरी बदललं.

आधी एक मुलगी म्हणाली, "काका, माझा वेळ तुम्हीच घ्या हं, ताई नको." काकांना वाटलं चेष्टा करतेय. मग दुसरा म्हणाला. मग पालक नमस्कार करायला लागले, नुसती मान हलवणारा नमस्कार नव्हे, थांबून, हसून. टपरीवरून हात हलवून हाक आली. पहिल्यांदा आली तेव्हा काकांची खुर्ची अजून पुरती मिटलीही नव्हती. ती तशीच काखेत मारून ते गेले, आणि टपरीवर ती अर्धवट उघडी खुर्ची सगळ्यांच्या पायांत आली. सगळे हसले. काकाही हसले. त्यांना हसता येतं हे निम्म्या लोकांना तेव्हा कळलं. "कारलं पिकलं की आतून लाल आणि गोड होतं," असं माळी म्हणाला, आणि त्यावरही काका हसले.

सगळ्यांत जास्त लळा लावला तो ढब्बूने. अंगाने भरलेला, मानेने आखूड, आणि खांदा असा, की चेंडू फेकला की दुसऱ्या बेसवरचा माळी हात झटकत राही. वडील नव्हते. आई दवाखान्याच्या धुलाईखात्यात कामाला होती आणि शनिवारी पाळी बदलून घेऊन यायची. ती थर्मासमधून चहा आणी, आणि झाकणात ओतलेला पहिला चहा काकांना देई. ढब्बू जाळीपाशी जमिनीवर फतकल मारून बसे आणि काकांना जुन्या सामन्यांबद्दल विचारी. पोराचं बोलणं काकांना सगळं कळे असं नाही. हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं मत होतं. पण तो बोलतोय आणि आपल्याशी बोलतोय, एवढं त्यांना पुरे. त्यांनी नवा सदरा शिवून घेतला. शिंपी म्हणाला, "काय काका, कुठे लग्नाला?" काका म्हणाले, "मैदानावर."

जग एकाएकी चांगलं का झालं, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. उपाशी माणूस वाढणाऱ्याला कारण विचारत नाही.

फक्त लेकीचे फोन विरळ झाले होते. पूर्वी दर रविवारी यायचा, आता महिन्यातून एखादा. खरं म्हणजे लेकीचं बोलणं काकांना फोनवर धड कळत नसे. कळत नाही असं म्हणायची लाज वाटे, म्हणून ते "हो, हो, ठीक आहे. बरं, ठेवू?" असं म्हणून सुटका करून घेत. इकडे सुटका, तर तिकडे लेकीच्या मनाला लागे. बाबांना आपल्याशी बोलायचंच नसतं, अशी तिची समजूत झाली होती. काकांची समजूत, की फोनची कंपनी बिघडली.

त्या मोसमात ढब्बूचा वेळ दोन सेकंदांच्या चांगलाच आत आला. एकदा नाही, दर शनिवारी. मोठ्या संघाचं निवड शिबिर होतं, त्याला वयाची अट होती आणि ढब्बूचं ते शेवटचं वर्ष. कोचताईने काकांनी दिलेला वेळ लिहून त्याचं नाव पाठवलं. जायच्या दिवशी आई आणि मुलगा दोघं काकांच्या खोलीवर पाया पडायला आले. खोलीत बसायला एकच खुर्ची, तीही घडीची. काकांनी ती आईला दिली आणि आपण खाटेवर बसले. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत तीन कप एकदम भरले.

ढब्बू आठवडाभर तरी येत नाही, असं सगळे धरून होते. तो तिसऱ्याच दिवशी परत आला.

शिबिरात तिथल्या प्रशिक्षकांनी वेळ घेतला तो दोन सेकंदांच्या पार बाहेर. पुन्हा घेतला, तसाच. त्यांनी त्याला सांगितलं, "खांदा भारी आहे, पण ग्लोव्हमधून बॉल हातात यायला तुला जन्म लागतो. तोवर पळणारा बेसवर पोचून बूट बांधत बसेल." आणि विचारलं, "इतका चांगला वेळ मोजला कुणी तुझा?"

मैदानावर सगळ्यांनी शिबिरालाच नावं ठेवली. तिकडचं यंत्र बिघडलं असणार. तिकडे वशिल्याची पोरं घेतात. ढब्बूची आईही म्हणाली, "जाऊ दे काका, आपल्या नशिबात नव्हतं." काकांकडे कुणी बोट दाखवलं नाही. काका सगळ्यांत मोठ्याने म्हणत होते, की माझं घड्याळ खोटं बोलत नाही. घरी येऊन त्यांनी ते रेडिओच्या ठोक्यांवर लावून तपासलं. खालून शिंप्याने नेहमीप्रमाणे छताला काठी ठोकली, रेडिओ बारीक करा म्हणून. घड्याळ बरोबर होतं. काकांना बरं वाटायला हवं होतं. त्यांना वाटलं नाही.

बुधवारी दुपारी ते मैदानावर गेले. कुणी नव्हतं. काखेतली खुर्ची बाकापाशी टेकवून जाळीमागे आपल्या जागी ते उभे राहिले आणि समोरच्या रिकाम्या मातीकडे बघत राहिले. ढब्बू शाळेतून आला असावा. तो मागच्या बाकावर येऊन बसलेला त्यांनी कडेच्या नजरेने पाहिलं. पोरगा गप्प होता. काकांना वाटलं, रागावलाय. बऱ्याच वेळाने ते न वळताच म्हणाले, "काय रे, आज मुका झालास?"

ढब्बू उठून समोर आला. "मुका कुठे काका? बॉल आपटतोय ना कधीपासून."

खरंच त्याच्या एका हातात ग्लोव्ह होता आणि दुसऱ्यात चेंडू.

"आपट बघू."

ढब्बूने चेंडू जोरात ग्लोव्हमध्ये मारला. काकांना तो आत शिरताना दिसला. फट्ट असं झालं ते त्यांच्या आठवणीत झालं, कानात नाही. ते म्हणाले, "मागे जा. बाकापाशी. आणि आपट." त्यांनी डोळे मिटले आणि वाट पाहिली. पुष्कळ वाट पाहिली. मग डोळे उघडून म्हणाले, "आपट की रे."

"पाचसहा वेळा आपटला काका," ढब्बू म्हणाला, आणि हे त्याला जवळ येऊन सांगावं लागलं.

काका त्या दिवशी घरी कसे आले ते त्यांचं त्यांनाच आठवलं नाही. खुर्ची मैदानातच राहिली. खाटेवर बसून त्यांनी दोन्ही मोसम डोळ्यांपुढून नेले. आवाज येत नव्हता, आणि तरी ते बटण दाबत होते. मग कशावर दाबत होते? उत्तर त्यांच्या वाकड्या बोटांना ठाऊक होतं. कॅचरचा खांदा वर उठला, की ती दाबली जात होती. पण खांदा उठतो तोवर चेंडू केव्हाच ग्लोव्हमध्ये येऊन पडलेला असतो. म्हणजे चेंडू झेलून तो हाताने शोधून बाहेर काढायचा जो वेळ, तो काका मोजतच नव्हते. हात चपळ असलेल्यांना त्याने फारसा फरक पडला नाही. हात मंद असलेल्यांचा सगळा मंदपणा काकांच्या बहिरेपणात झाकला गेला. आणि ढब्बूइतका मंद हात त्या मैदानावर दुसऱ्या कुणाचा नव्हता.

कारलं गोड झालं होतं ते असं. मुलं जवळ आली ती यासाठी. टपरीवरची हाक, थर्मासच्या झाकणातला पहिला चहा, पाया पडणं, सगळं त्या चुकलेल्या आवाजाच्या पोटी जन्मलेलं. काकांना इतकं एकटं बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान आपलं काय गेलं ते तरी माहीत होतं.

मोह झाला नाही असं नाही. न सांगता चाललं असतं. येईल त्या वेळेत थोडा वेळ अंदाजाने मिसळावा आणि सांगावा, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन दिवस ते हा हिशेब करत बसले. पण एकाचा हात किती मंद आणि दुसऱ्याचा किती, हे अंदाजाने सांगायचं तर घड्याळ हवं कशाला? आणि सांगितलं, तर जागा जाणार. जागा गेली की शनिवार जाणार. आणि शनिवार गेला की काकांच्या आठवड्यात उरतं काय? दूधवाल्याचं "अर्धा".

शनिवारी ते नवा सदरा न घालता आले. कोचताई मुलांना रांगेत बसवत होती. काकांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून तिच्यापुढे धरलं.

"हे घे. आजपासून तू मोज."

"का हो? बरं नाही का?"

"मला ऐकू येत नाही."

बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा मोठा लागतो ते कळत नाही. काकांनी तिच्यापुरतं सांगितलं, ते दुसऱ्या बेसवरच्या माळ्यापर्यंत पोचलं. काकांनी मग सगळंच सांगितलं, खांद्याचं, बटणाचं, दोन मोसमांचं. कोचताई त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेऊन गेली आणि तोंड त्यांच्या कानाशी नेऊन बोलली.

"काका, वेळ सैल येतोय हे दिसत होतं मला. मला वाटलं, वय झालं, तुम्ही मऊ पडलात. म्हटलं, माणूस जन्मभर कडू वागला, आता थोडा गोड होतोय तर होऊ दे. म्हणून बोलले नाही."

"ती माझी माया नव्हती गं," काका म्हणाले. "बहिरेपण होतं."

कोचताईने घड्याळ गळ्यात घातलं आणि जाळीमागे काकांच्या जागी जाऊन उभी राहिली.

त्या सकाळी एकामागून एक मुलं बसली, उठली, चेंडू फेकले, आणि चपळ हातांची दोघंतिघं सोडली तर एकामागून एक दोन सेकंदांच्या बाहेर जाऊन पडली. ज्या मुलीने पहिल्यांदा "माझा वेळ तुम्हीच घ्या" म्हटलं होतं, ती ग्लोव्ह आपटून निघून गेली. पालक आपापसांत बोलत होते. काकांना शब्द कळत नव्हते, पण तोंडं दिसत होती, आणि त्या दिवशी तेवढं पुरेसं होतं.

ढब्बू शेवटी फेकायला बसला. वेळ शिबिरातल्यासारखाच आला. काका मातीत उतरून त्याच्यापाशी गेले. आता घड्याळ नव्हतं, पण डोळे होते, आणि खरं सांगायची जुनी खोड अजून शाबूत होती.

"खांद्याला तोड नाही तुझ्या," ते म्हणाले. "पण बॉल तू ग्लोव्हमध्ये शोधत बसतोस. शोधायचा नाही. ग्लोव्हच कानाकडे आण, तुझा हात तिथे आधी जाऊन थांबलेला पाहिजे. रोज भिंतीसमोर कर. सुटेल."

ढब्बू खाली बघून काहीतरी बोलला.

"काय?"

पुन्हा बोलला.

"मोठ्याने बोल बाळा, मला..."

"हे मागच्या वर्षी सांगायचं होतंत!" ढब्बू ओरडला. सगळ्या मैदानाने ऐकलं. "मागच्या वर्षी! आता काय उपयोग? संपलं ना माझं वय!"

हे काकांना ऐकू आलं. त्यांनी मान हलवली, बरोबर आहे अशी. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. पोराचा शिबिरात झालेला अपमान त्यांनीच ओढवलेला होता, आणि त्याच्या हातातून निसटलेलं वर्ष त्यांच्या कानातून निसटलं होतं. ढब्बूच्या आईने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट बसवलं, मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं फाटकाकडे चालायला लागली. तिने वळून पाहिलं, पण तोंडाने काही म्हटलं नाही. म्हटलं असलं तरी काकांना कळलं नसतं.

बाकापाशी बुधवारपासून पडून राहिलेली आपली खुर्ची काकांनी उचलली. या वेळी ती एका झटक्यात मिटली.

कोचताई म्हणाली होती, "काका, येत जा, नुसते बसायला या." पुढच्या शनिवारी ते गेलेही. जाळीपासून लांब, झाडाखाली बसले. मुलं आली, नमस्कार केला, मान हलवणारा. ढब्बू आला नाही. माळ्याने मध्ये एकदा चहाचा कप आणून हातात दिला, आणि तो लगेच परतही गेला, कारण काकांशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून बोलण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. काका चहा प्याले. दुसऱ्या बेसवर चेंडू जाताना पाहत राहिले. आवाज नसला की सगळा खेळ जरा खोटा वाटतो. त्याच्या पुढच्या शनिवारी ते गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी फोन आला. फोन वाजला हे काकांना कळत नसे. तो टेबलावर थरथरायचा आणि त्याखालची बशी हलायची, त्यावरून कळे. त्यांनी उचलला. पलीकडून लेकीचा आवाज, म्हणजे आवाजाची कुजबुज, आली. काकांच्या ओठांवर सवयीने "हो, हो, ठीक आहे" येऊन बसलं. पण जे सगळ्या मैदानासमोर बोलून झालं, ते पोटच्या पोरीला सांगायला कसली लाज?

"थांब," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. तू काय बोलतेस ते मला काही कळत नाही. कळतंय असं मी नुसतं दाखवत होतो."

पलीकडे शांत झालं. किंवा ती बोलत होती आणि यांना ऐकू येत नव्हतं. काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जो जरा बरा होता.

"...वाटायचं बाबा..." एवढं आलं. मग मधलं गेलं. मग "...कंटाळा आलाय माझा..." मग पुन्हा काही नाही. आवाज कापत होता, एवढं मात्र कळत होतं. कापणाऱ्या आवाजाला कान लागत नाही.

"काय म्हणालीस?"

ती पुन्हा बोलली. या वेळी तेवढंही पोचलं नाही.

"काय?"

पलीकडे तिने बहुधा डोळे पुसले असावेत. मग सगळा जोर लावून ती ओरडली, "काही नाही बाबा! जेवलात का?"

हे स्वच्छ ऐकू आलं. खाली शिंप्याने काठी ठोकली, इतकं स्वच्छ. काका हो म्हणाले असते, तर फोन नेहमीसारखा तिथेच संपला असता. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि दुसरा कान तळहाताने घट्ट झाकून घेतला.

"ते नाही," ते म्हणाले. "त्याच्या आधीचं. ते पुन्हा सांग. कितीदा ओरडावं लागलं तरी सांग, मला घाई नाही."